सांडशीवाल्या शुभाताई

शुभाताई कॉम्प्युटरशी भांडायच्या मराठीत आणि माणसांशी इंग्रजीत. कॉम्प्युटरला म्हणायच्या, "अरे बाबा, काय होतंय तुला, नीट सांग की." तेही इतक्या मायेनं, की पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आतल्या खोलीत एखादं आजारी मूल आहे आणि माझ्यापासून लपवून ठेवलंय. चहा घेऊन मी घाबरत दाराशी उभी राहिले. आत एकट्या ताई, कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि शेंगदाण्यांची वाटी.

"ये की आत. चावत नाही तो."

मी गेले नाही. सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या त्या नवव्या मजल्यावर मी सहा वर्षं काम केलं, त्यातली पहिली दोन वर्षं त्या खोलीचा केर श्वास रोखून काढला. मी आठवी पास, नववीत शाळा सुटली. घरकामाच्या परमिटसाठी इथे आठ वर्षांची शाळा लागते, माझी बरोबर तेवढीच भरली. त्यामुळे मनात कायम एक धाकधूक, की आपण काठावर आत आलोय आणि एखादी वायर जरी चुकून हलली तरी उचलून फलटणला परत पाठवतील.

ताईंचं वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी. एका बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेल्या, तरी रोज सकाळी नऊला केस विंचरून, कुंकू लावून आतल्या खोलीत कामावर हजर. "मॅडम" म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, "काकू" म्हटलं की दोन. "ताई म्हण." त्यांच्या यजमानांना मात्र मी पहिल्याच दिवशी गडबडीत काका म्हणून बसले, आणि ते तसंच राहिलं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला काका विचारायचे, "ही मला काका म्हणते आणि हिला ताई. तर आता मी हिचा कोण, सांगा बघू?" पाहुणे हसले की ताई आतून ओरडायच्या, "ऑडिटर!" कारण काका जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या नोकरीत होते.

ताई नेमकं काय करतात हे कळायला मला दीड वर्ष लागलं. कळलं म्हणते तेही भीतभीतच. पोळ्या लाटताना एकदा त्यांनी मला समजावून सांगितलं. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं पत्र दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की मोडतं. तक्ता सरकतो, नाव एका पानावर राहतं आणि सही दुसऱ्या पानावर जाते. ताईंचा प्रोग्राम ते पत्र जसंच्या तसं इकडून उचलून तिकडे ठेवतो, काही सांडत नाही. म्हणून त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं सांडशी.

"केवढ्याला विकता?"

"विकत नाही गं. उघड्यावर ठेवलाय. कुणीही न्यावा, आत काय आहे ते बघावं, बिघडला तर दुरुस्त करावा, आणखी कुणाला द्यावा."

"आणि कुणी नेलाच तर?"

"नेलाच पाहिजे. नेला तरी इथे आहे तसाच राहतो."

मी पोळी उलटली. आमच्याकडे अंगणात विसरलेली कळशी सकाळी जागेवर सापडत नाही. बारा वर्षं राबून केलेली वस्तू कुणी अशी रस्त्यावर मांडून ठेवतं, हे मला पटेना. ताई तर कितीतरी हुशार, म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार, असं मी धरून चालले. ते नक्की काय चुकतंय, हे अजूनही सांगता येत नाही.

ताईंची कामाची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. प्रोग्राम अडला की माणसाला दोन शब्द लिहून दाखवतो. ते दोन शब्द ताई जगात कुणालाही दाखवण्याआधी स्वयंपाकघरात आणायच्या. कागद हातात घेऊन ओट्याला टेकायच्या, इंग्रजीतलं मराठीत करून वाचायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या.

"ऐक. 'अवैध नोंद. प्रक्रिया रद्द.' काय कळलं?"

मी भेंडी चिरत होते. "मी काहीतरी गुन्हा केलाय असं."

"आणि आता काय करशील?"

"बंद करून पळून जाईन."

ताईंनी तिथेच पेन काढून ते खोडलं. तिसऱ्या खेपेला वाचून दाखवलं ते असं होतं: 'या पत्रातला एक फोटो सापडत नाही. बाकीचं पत्र ठीक आहे. फोटोशिवाय उघडू का?'

"आता?"

"आता उघड म्हणेन. फोटो नंतर शोधता येईल."

"झालं!" म्हणत त्या खोलीत अशा पळाल्या, जणू मीच काहीतरी शोध लावला होता. शाळेत मला कळलं नाही की बाई म्हणायच्या, खाली बस. इथे मला कळलं नाही की ताई स्वतःचं खोडायच्या. पहिले काही महिने मी अपमान नको म्हणून कळल्यासारखं करायची. तेही त्यांना ओळखू यायचं. "सुनंदा, खोटं बोलू नकोस, युरोपातला कारकून फसेल."

हा युरोपातला कारकून म्हणजे कुणी एकच माणूस असावा, असं मी बरेच दिवस समजत होते.

तो प्रत्यक्षात अख्खं एक शहर निघाला. उत्तरेकडचं थंडीचं कुठलंसं शहर. तिथल्या नगरपालिकेनं ठरवलं होतं, की दूरच्या देशातल्या बड्या कंपनीचं सॉफ्टवेअर हळूहळू सोडून द्यायचं आणि सगळी कचेरी उघड्या सॉफ्टवेअरवर न्यायची. ताईंनी मला कारण सांगितलं: "बघ, गावातल्या सगळ्यांचे जन्मदाखले, घरांचे नकाशे, सगळं एका परक्या माणसाच्या कपाटात आहे आणि किल्ली त्याच्याकडे. तो आज चांगलाय. उद्या त्याच्या सरकारनं सांगितलं, कपाट बंद कर, तर?" हे मला लगेच पटलं. त्या शहरातली जुनी पत्रं नव्या ठिकाणी उचलून ठेवायला जी साधनं निवडली, त्यांत सांडशी होती.

मातियास नावाचा तिथला अधिकारी पडद्यावर दिसायचा. पस्तिशीचा, लाल नाकाचा, बोलण्याआधी दोनदा सॉरी म्हणणारा. त्यानं एकदा विचारलं, या नावाचा अर्थ काय. ताईंनी इंग्रजीत दोन वाक्यं केली, मग वैतागून हाक मारली, "सुनंदा, सांडशी आण!" मी गॅसवरून दूध उतरवत होते. सांडशीतल्या पातेल्यासकट धावत गेले आणि जन्मात पहिल्यांदा केरसुणीशिवाय त्या खोलीचा उंबरा ओलांडला. पडद्यात चार गोरी माणसं होती. माझ्या हातातलं वाफाळतं पातेलं बघून चौघंही मागे सरकली, जणू दूध त्यांच्या अंगावर सांडणार होतं. मग मातियासनं टाळी वाजवली. तसा मीही नमस्कार केला, पातेलं हातात ठेवूनच.

त्यानंतर ताईंनी एक उद्योग केला. सांडशीला हातभार लावणाऱ्यांच्या नावांची एक यादी असते, ती जगात कुणालाही दिसते. त्यात त्यांनी माझं नाव घातलं आणि हौसेनं मला दाखवलं. मी हसले, आणि त्या दिवशी आमटी करपली. दुसऱ्या दिवशी कुकरला शिटी लावायची राहिली. रविवारी सुटीच्या दिवशी एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, की परमिट घरकामाचं आहे, दुसरं कुठलं काम करताना दिसलीस तर गेलीस परत. आणि इथे माझं नाव साऱ्या जगासमोर टांगलेलं!

चौथ्या दिवशी मी ताईंच्या पायाशी बसले. "ताई, ते नाव काढा. माझी पोरगी गावाकडे जावेपाशी आहे, तिची शाळा माझ्या पगारावर चालते."

ताई आधी हसल्या. मग माझ्याकडे बघून थांबल्या.

"अगं, आभार मानणं म्हणजे नोकरी नव्हे."

"तुम्हाला माहितीय. तपासायला येईल त्याला माहीत असेल का?"

ताई उठल्या, आत गेल्या, नाव काढलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "तुला न विचारता घातलं. चुकलं माझं." मला कुणी असं आधी म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, "चहा टाकू?" नावाच्या जागी त्यांनी नुसतं 'किचन' लिहिलं. पुढे मातियास सांगत होता, की त्याच्या कचेरीत नवीन पत्रक निघालं की लोक एकमेकांना विचारतात, किचनला दाखवलं का? तिथे कुणालाही माहीत नव्हतं की किचन कोण. एकाला वाटायचं ती सिंगापूरची कुठली तरी कंपनी आहे.

मग आली ती दुसरी यादी.

मातियासच्या शहरानं, आपण वापरतो त्या प्रत्येक सॉफ्टवेअरपुढे त्याला कोण सांभाळतं, किती माणसं आहेत आणि कुठली, हे लिहून काढलं. सांडशीपुढे लिहिलं होतं: माणूस एक, ठिकाण सिंगापूर. ती ओळ लाल रंगात होती. मातियासनं ती आधी ताईंना पाठवली, तीनदा सॉरी म्हणून. काकांनी चष्मा लावून ती मोठ्यानं वाचली आणि जाहीर केलं, "युरोपच्या सार्वभौमत्वाला धोका: माझी बायको."

सार्वभौम हा शब्द मला पाठ होता. शाळेत रोज परिपाठाला म्हणायचो. त्याचा अर्थ मात्र कुणी विचारला नव्हता आणि मीही विचारला नाही. मी काकांना विचारलं.

"आपल्या घरात शेवटचा शब्द आपला," काका म्हणाले.

"मग या घरात सार्वभौम कोण?"

"ते तू रोज बघतेसच."

ताई हसल्या नाहीत. त्या लाल ओळीकडेच बघत होत्या.

मातियास परिषदेसाठी सिंगापूरला आला, तेव्हा घरी आला. बूट दाराशी नीट जोडीनं ठेवले, घामानं भिजलेला, हातात चॉकलेटचा डबा. मी कांदेपोहे केले होते. त्यानं आधी मोहरीचे दाणे काट्यानं बाजूला काढले. मग ताईंना ते खाताना बघून गुपचूप परत पोह्यांत मिसळले. पोहे संपल्यावर मुद्द्यावर आला. ताई अधूनमधून माझ्यासाठी मराठीत सांगत होत्या, म्हणून मला कळत गेलं.

त्याचं म्हणणं असं. सांडशी त्यांच्याकडच्या एका संस्थेकडे द्यावी, ती पाच-सहा शहरांनी मिळून काढलीय. तिथे पगारी माणसं असतील. ताई आजारी पडल्या तरी काम अडणार नाही. पण मग शेवटचा शब्द संस्थेच्या समितीचा, आणि समितीवर युरोपात राहणारीच माणसं. धोरणच तसं आहे.

"पण ती उघडीच आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही आजही नेऊ शकता. मला विचारायची गरज नाही."

"नेता येईल. मग दोन सांडश्या होतील. एक तुमची, एक आमची. काही वर्षांनी दोन्ही वेगळ्या वागायला लागतील."

"म्हणून मी माझी सोडायची."

मातियासचं नाक आणखी लाल झालं. "मी मागायला आलोय. घ्यायला नाही."

ताईंनी विचारलं, नवीन मजकूर आधी किचनला दाखवायचा हा नियम राहील का? तो म्हणाला, मी समितीला सांगीन, पण वचन देऊ शकत नाही, कारण समितीत मी एकटा नाही. काका नंतर म्हणाले, हा पोरगा हो म्हणाला असता तर थापाड्या म्हणून मी त्याला तिथूनच परत पाठवला असता.

ताईंनी पंधरा दिवस मागून घेतले. घाई होतीच. काकांच्या गुडघ्यांमुळे फ्लॅट विकून नाशिकला त्यांच्या धाकट्या भावाजवळ जायचं ठरलं होतं. तिथे गेल्यावर हे सगळं एकटीनं रेटणं होईल का, हे ताईंनाही सांगता येत नव्हतं. काका एक दिवस भडकले. "फुकट दिलंस ते दिलंस, आता हक्कही फुकट देतेस?"

"हक्क मी आधीच दिलाय, ज्या दिवशी उघड्यावर ठेवली त्या दिवशी."

"मग देण्यासारखं उरलंय काय?"

"नाही म्हणणं," ताई म्हणाल्या. "कुणी वाईट बदल आणला की मी नाही म्हणते. तेवढंच माझं आहे."

मी फडकं घेऊन एकच काच पुसत उभी होते. एवढ्यासाठी माणूस जेवण टाकतं? पण ताईंनी जेवण टाकलं होतं. संध्याकाळी खाली हॉकरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांवर, कोपी म्हणजे इथली कॉफी प्यायला जायच्या, तर कप पुढ्यात तसाच थंड व्हायचा.

त्याच दिवसांत मी एका दुपारी फोनवर रडले. गावी जावेनं माझ्या पोरीचे कमरेएवढे केस कापले होते, मानेपर्यंत. मला विचारलं नाही. उवा झाल्या होत्या म्हणे. मी जावेला वाटेल ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "वैनी, रोज विंचरते मी." मी फोन ठेवला. वळून बघते तर ताई दारात उभ्या होत्या, किती वेळ ते माहीत नाही.

"कशी दिसते आता?" त्यांनी विचारलं.

मी फोटो दाखवला. पोरगी हसत होती. ताईंनी फोटो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "जावेला परत फोन कर." त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मातियासला होकार कळवला. दोन्हीचा एकमेकांशी संबंध होता का, हे मी आजवर शंभर वेळा स्वतःला विचारलंय. ताईंना विचारायचा धीर झाला नाही.

द्यायची म्हणजे काय करायचं, मला वाटलं सह्या असतील, हार असेल. दुपारी चारला, म्हणजे तिकडच्या सकाळी, पडद्यावर मातियास आणि आणखी दोघी जणी आल्या. ताईंनी काहीतरी टाइप केलं. मातियासनं टाइप केलं. "झालं," तो म्हणाला. मग त्यातली एक जण म्हणाली, थँक यू, आणि ताई म्हणाल्या, "वेलकम, वेलकम," लग्नघरात म्हणतात तसं, दोनदा.

त्यानंतर आठच दिवसांनी ट्रक यायचा होता. माझी पुढची नोकरी ताईंनीच लावून दिली होती, इथेच बुकित पंजांगला एका मराठी डॉक्टरीणबाईंकडे. मी अजून तिथेच आहे. परमिटचे कागद ताईंनी स्वतः ओळ न् ओळ वाचून, मराठीत सांगून मग मला सही करू दिली. "कळलं नाही तर नाही म्हण," प्रत्येक पानाला बजावलं. दोनदा मी नाही म्हटलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी एजंटला फोन लावून इंग्रजीत भांडण केलं.

ट्रक आला त्या दिवशी घरात खोक्यांखेरीज काही दिसत नव्हतं. सामान हलवणाऱ्या मूव्हर्सची दोन माणसं कपाट उचलत होती, काका त्यांना सूचना देत होते, ते ऐकत नव्हते. आतल्या खोलीत टेबल, खुर्ची आणि पडदा तेवढा शिल्लक. ताई तिथे बसल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांना सांडशीत एक चूक सापडली होती. तक्त्याची खालची रेघ एका जागी तुटत होती. आता ती थेट दुरुस्त करता येईना, कारण सांडशी त्या शहराच्या यंत्रावर गेली होती. तिथे ताईंनी कुणालाही उघडता येतं तसं नवीन खातं उघडलं, दुरुस्ती लिहिली आणि मंजुरीसाठी पाठवली.

पडद्यावर आपोआप एक उत्तर आलं. ताईंनी मला बोलावून ते मराठीत वाचून दाखवलं. 'नमस्कार! आमच्याकडे तुमची ही पहिलीच दुरुस्ती दिसते. तुमचं स्वागत आहे. घाबरू नका, चुका सगळ्यांच्याच होतात. नवख्यांसाठीचे नियम वाचले असतील तर चौकोनात खूण करा.'

मी काकांकडे बघितलं, काका भिंतीकडे.

"त्यांच्या यंत्राला माहीत नाही ताई, तुम्ही कोण ते," मी म्हटलं. "मातियासला फोन करा."

"कशाला? बरोबर लिहिलंय." त्यांनी नवख्यांचे नियम उघडले. सतरा वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेले. बोट ओळीवर ठेवून पहिल्यापासून वाचायला लागल्या.

"अहो, खूण करून टाका की."

"न वाचता?"

सगळे वाचले. मग खूण केली, चष्मा पुसला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मूव्हर्सनी टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांना हातानंच थांबवलं. खाली डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या होत्या. माझ्या हातात माझी बॅग. मी पाया पडायला वाकले, तर ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "थांब जरा. आत्ता येईल उत्तर."

ते मला म्हणाल्या, त्या माणसांना, की आणखी कुणाला, कळलं नाही. बॅग खाली ठेवून मी थांबले.